अर्धवट पिळलेले तीन स्क्रू

मी एक जुनी जोडी आहे, मित्रांनो. नवरा-बायकोची नव्हे, तारेची आणि पत्र्याची. एका लाकडी रेडिओच्या पोटात, अगदी पहिल्या जागेवर मी बसलेली असते. रेडिओ दुरुस्त करणारे मला ट्यून्ड सर्किट म्हणतात. एवढं भारदस्त नाव, आणि ज्या घरात माझा जन्म गेला त्या घरात मी आहे हेसुद्धा कुणाला माहीत नाही. लोक रेडिओच्या चकचकीत बटणांचं कौतुक करतात, पुढच्या जाळीदार कापडाचं करतात. माझं नाव कोण घेणार? असो. मी काही तक्रार करायला बसलेली नाही. म्हणजे तक्रारच करायची आहे, पण स्वतःसाठी नाही.

माझा अर्धा भाग म्हणजे कॉइल. पुठ्ठ्याच्या नळीवर तांब्याची बारीक तार, वेढ्याला वेढा लावून गुंडाळलेली. दुसरा अर्धा भाग म्हणजे कंडेन्सर. त्याला पत्र्याच्या अर्धगोल पाकळ्या असतात. काही जागच्या जागी बसलेल्या, काही दांड्यावर फिरणाऱ्या. फिरणाऱ्या पाकळ्या बसलेल्यांच्या फटींत शिरतात, पण एकमेकींना शिवतील तर शपथ. तुम्ही बाहेरून बटण फिरवता तेव्हा आत हे एवढंच होतं.

आता माझं काम ऐका. कंडेन्सर विजेचा साठा करतो आणि भरला की तो कॉइलमध्ये ओततो. कॉइल महाहट्टी. वीज यायला लागली की आधी अडवून धरणार, आणि एकदा वाहू लागली की थांबू देणार नाही. त्यामुळे कंडेन्सर रिकामा झाला तरी ती वीज पुढे रेटतच राहते, आणि तो बिचारा उलट्या बाजूनं भरतो. मग तेच सगळं परत, उलट दिशेनं. झोका कसा पुढे जातो नि मागे येतो, तसं माझ्या पोटात चालू असतं. पाकळ्या जास्त आत गेल्या की साठा वाढतो आणि झोका संथ होतो. बाहेर आल्या की झरझर चालतो. संथ म्हणजे तरी सेकंदाला लाखो हेलकावे, बरं का.

हवेतून एकाच वेळी कितीतरी स्टेशनांच्या लहरी येतात आणि सगळ्या मला धक्के देतात. पण झोक्यावर बसलेल्याला कुणी वेळी-अवेळी ढकललं तर झोका अडखळतो, आणि नेमक्या वेळी ढकललं तर एका बोटानंही उंच जातो. ज्या स्टेशनचा ठेका माझ्या ठेक्याशी जुळतो, त्याचेच धक्के माझ्यात साठत जातात. बाकीच्यांचे जागच्या जागी जिरून जातात. याला अनुनाद म्हणतात. परीक्षेत विचारलं तर लिहा, गुण मिळतील.

या रेडिओत माझ्यासारख्या तीन जोड्या आहेत. तिघींच्या पाकळ्या एकाच दांड्यावर फिरतात. मी गर्दीतून एक आवाज निवडते, दुसरी तो आणखी निवडून घेते, तिसरी त्यातला उरलासुरला केरकचरा काढते. अट एकच, तिघींचा ठेका तंतोतंत एक हवा. पण हातानं गुंडाळलेल्या तीन कॉइल कधी तंतोतंत सारख्या होतात का? सख्ख्या बहिणी होत नाहीत. म्हणून आमच्या प्रत्येकीच्या डोक्यावर एक छोटा ट्रिमर असतो. दोन पत्र्यांमध्ये अभ्रकाचा पापुद्रा, आणि वर स्क्रू. स्क्रू आवळला की पत्रे जवळ येतात आणि ठेका किंचित संथ होतो. सैल केला की किंचित जलद.

मला बनवणारा रेडिओवाला तेव्हा पोरसवदा होता. स्वतःच्या टेबलावर, दातांत जीभ धरून त्यानं तिन्ही स्क्रू थोडे पुढे, थोडे मागे असे कितीदा तरी फिरवले. माझा अर्ध्यावर थांबला, दुसरीचा जरा घट्ट, तिसरीचा जवळजवळ लोंबतच राहिला. त्या ठिकाणी आम्ही तिघी एका सुरात आलो. मग त्यानं प्रत्येक स्क्रूच्या डोक्यावर लाल लाखेचा थेंब सोडला, म्हणजे कुणाचा हात लागून ते हलू नयेत.

मला विकत घेतलं घड्याळकाकांनी. घराच्या पुढच्या खोलीत त्यांचं घड्याळं दुरुस्त करायचं दुकान होतं. त्यामागे स्वयंपाकघर, आणि दोन्हींच्या मधल्या फळीवर आमचा रेडिओ. देताना रेडिओवाला म्हणाला, "काका, आतलं काही हलवू नका हं."

"मी केसाएवढे स्क्रू काढतो आणि बसवतो," काका म्हणाले. "तू मला शिकवू नकोस."

रेडिओवाला हसला. मीही मनातल्या मनात हसले असेन. मेलं, हसायला काय जातं!

सुरुवातीची वर्षं सुखाची होती. बातम्या लागायच्या, गाणी लागायची. शेजारी सामन्याचं वर्णन ऐकायला दारात उभे राहायचे आणि म्हणायचे, "काय स्वच्छ आवाज आहे हो!" काका मान न उचलता म्हणायचे, "वस्तू पारखून घेतली की असं असतं." म्हणजे त्याचंही श्रेय त्यांनीच घ्यायचं!

काका-काकूंना एकच मुलगी. डोळ्याला भिंग लावून ती बापाशेजारी बसायची आणि बापापेक्षा हलक्या हातानं केसासारखी स्प्रिंग उचलायची. काकांनी तिच्यासाठी वेगळं टेबल करून घेतलं होतं. गिऱ्हाइकांना सांगायचे, "आता दुकान हिचंच." तिला कुणी विचारलं नव्हतं. एके दिवशी तिनं जेवताना सांगितलं की दूरच्या गावी एक लहानसं रेडिओ स्टेशन आहे, तिथं तिला निवेदिकेची नोकरी मिळाली आहे.

"घड्याळांत काय कमी आहे?" काकांनी विचारलं.

"बाबा, दिवसभर टिकटिक ऐकून मला माणसांशी बोलावंसं वाटतं."

"मग जा. पण गेलीस तर परत यायचं नाही."

"तुम्ही ये म्हणाल तेव्हाच येईन," ती म्हणाली.

काकू मध्ये पडल्या, रडल्या, दोघांनाही लागेल असं बोलल्या. काही उपयोग झाला नाही. बाप तसा, लेक तशी. दोघांपैकी कुणीही एक पाऊल मागे घेईल तर ना! मुलगी निघून गेली, आणि काकांनी सांगितलं की या घरात तिचं नाव काढायचं नाही.

नाव काढायचं नाही, पण आवाज? आवाज मी आणत होते, मित्रांनो. ते लहानसं स्टेशन रेडिओच्या पट्टीवरचा काटा पार उजव्या टोकाला नेला की लागायचं. आवाज अगदी बारीक, आणि त्याला खेटून एक दांडगं स्टेशन, दिवसभर जाहिरातींचा आरडाओरडा करणारं. दोघांच्या ठेक्यात फरक तो किती! त्या टोकाला आमच्या पाकळ्या जवळजवळ पूर्ण बाहेर आलेल्या असतात, त्यामुळे साठा उरतो तो बराचसा त्या चिमुकल्या ट्रिमरचाच. तिथं आम्हा तिघींपैकी एक जरी इकडची तिकडे झाली, तर दांडगं स्टेशन सरळ आत घुसणार. पण आम्ही ढळलो नाही. रोज दुपारी त्या आरडाओरड्याच्या काठावरून आम्ही तिचा आवाज अलगद उचलून आणायचो.

ती हवामान सांगायची. कुठं ढग, कुठं वारा, कुठं ऊन. गावात तिला ढगवाली म्हणायचे. ती कुणाची मुलगी हे कुणाला ठाऊक नव्हतं. रेडिओवर तिनं घरचं नाव लावलंच नव्हतं. काकू दुपारची भांडी तशीच ठेवून ओल्या हातानं फळीपाशी येऊन उभ्या राहायच्या. आवाज बसलेला वाटला तर म्हणायच्या, "सर्दी झालीय वाटतं पोरीला." आवाज खुलला की त्यांचा चेहरा खुलायचा. पुढच्या खोलीत काकांचा चिमटा नेमका तेवढा वेळ हवेतच थांबायचा. हवामान संपलं की पुन्हा चालू. काकूंची तिकडे पाठ असायची. हे फक्त मला कळायचं, कारण तिकडची खुडखुड थांबल्याचं मला ऐकू यायचं.

मला वाटायचं, काकूंना सांगावं, अहो, एक फोन करा की! समोर औषधांच्या दुकानात फोन आहे. पण रोज आवाज ऐकू येतोय, पोर सुखात आहे, यांचाही राग आज ना उद्या निवळेल, असं म्हणत त्यांनी दिवस ढकलले. माझ्यामुळे त्यांना धीर मिळाला आणि त्या धीरानंच त्यांचा घात केला. याचं मला किती वाईट वाटतं, कसं सांगू?

पुढे रेडिओ जुना झाला. आवाज कमी-जास्त करायच्या बटणात धूळ बसली आणि खरखर सुरू झाली. आम्हा तिघींचा त्याच्याशी काडीचा संबंध नव्हता. खरखरीतून मुलीचे शब्द तुटायला लागले तेव्हा काकू कान अगदी कापडाला लावून ऐकायच्या. काकांनी ते पाहिलं. काकू बहिणीकडे गेल्या होत्या, त्या सकाळी त्यांनी दुकानाचं दार लोटलं, रेडिओ टेबलावर आणला आणि मागचं झाकण उघडलं.

त्यांनी बटणातली धूळ काढली. छान काढली. खरखर तिथंच गेली. झाकण लावून टाकलं असतं तर आज मी हे सांगत बसले नसते. पण डोळ्याला भिंग होतं, आणि भिंगातून त्यांना आमच्या डोक्यावरचे तीन स्क्रू दिसले.

मित्रांनो, घड्याळाच्या कामात सैल स्क्रू म्हणजे महापाप. स्क्रू शेवटपर्यंत बसलेला हवा, नाहीतर तो निसटतो, चाकात पडतो, घड्याळ बंद. जन्मभर त्यांनी हेच केलं होतं, हेच शिकवलं होतं. त्यांनी पाहिलं, एक स्क्रू अर्ध्यावर, एक लोंबतोय, आणि वर लाल घाण साचलेली. "काय हा ढिसाळ कारागीर," ते पुटपुटले. सुईनं त्यांनी लाख खरवडून काढली. फुंकर मारली. मग त्यांचा तो बारीक स्क्रूड्रायव्हर माझ्या डोक्यावर टेकला.

अहो काका, नको! ओरडावं म्हटलं तर तोंड कुठाय? मला फक्त कान. त्यांनी तिन्ही स्क्रू शेवटपर्यंत आवळले, मायेनं आवळले, आणि वरून कापडानं पुसले. आम्ही तिघी तीन वाटांना गेलो. काका मात्र स्वतःवर खूश होते. दुपारी बायको परत येईल, रेडिओ लावील, आणि स्वच्छ आवाज ऐकून विचारील, हे कुणी केलं? मग कदाचित बोलणं निघेल. एवढंच त्या माणसाच्या मनात होतं. मुलीचं नाव स्वतःहून काढायची त्यांची हिंमत नव्हती, म्हणून त्यांनी स्क्रू आवळले.

काकू आल्या. वेळ झाली. काटा उजव्या टोकाला नेला. आणि तिथं जाहिरातीचा आरडाओरडा. पुढे नेला, आरडाओरडा. मागे नेला, तेच. मी जिवाच्या आकांतानं शोधत होते, पण माझा ठेका एकीकडे, बहिणींचा भलतीकडे. दांडगं स्टेशन आमच्यातून धडधडीत आत शिरत होतं. काकूंनी काकांच्या टेबलावर लाखेचा लाल चुरा पाहिला. झाकणावरच्या धुळीत बोटांच्या खुणा पाहिल्या.

"तुम्ही उघडला होतात?"

"हो. खरखर काढली," काका म्हणाले. त्यांचा आवाज आधीच उतरला होता.

"खरखर नाही काढलीत. तिला काढलंत. तेवढंच उरलं होतं माझ्याकडे, तेही बघवलं नाही तुम्हाला."

मला वाटलं, आता सांगतील. सांगा हो, की मीपण ऐकतो! पण नाही. मानी माणूस. काकूंनी रेडिओ उचलून कपाटावर ठेवला, भिंतीकडे तोंड करून, आणि नवऱ्याशी बोलणं टाकलं. पुढे काका एकदा स्टुलावर चढून आले, झाकण काढून त्यांनी तिन्ही स्क्रू थोडे थोडे उलटे फिरवले. पण किती? कुठं होते ते पूर्वी? खूण सांगणारी लाख तर त्यांनीच खरवडली होती. शेवटी तसंच झाकण लावून ते उतरले.

कपाटावर धूळ खात पडणं काय असतं ते मला तेव्हा कळलं. खाली दोन माणसं दोन महिने एका घरात राहत होती आणि भांड्यांशिवाय कुणाचा आवाज येत नव्हता.

अखेर एका दुपारी काकूंनीच मला खाली काढलं, पदरानं पुसलं आणि रेडिओवाल्याकडे निघाल्या. काका दुकान उघडं टाकून मागोमाग आले. दोघं वाटेत एक शब्द बोलले नाहीत. रेडिओवाल्याचे केस आता पिकले होते. त्यानं झाकण काढलं आणि कपाळाला हात लावला.

"हे कुणी पिळलं?"

"मी," काका म्हणाले. "सैल होते."

"काका, ते सैल नव्हते. तिथंच लागले होते ते. कान साफ करायच्या ऐवजी तुम्ही कानच बुजवलेत की हो."

"आवाज खरखरायचा. हिला नीट ऐकू येत नव्हतं, म्हणून…"

काकूंनी वळून नवऱ्याकडे पाहिलं. "मला ऐकू यावं म्हणून? मग तेव्हा बोलला का नाहीत?"

"काय बोलू? मीही रोज ऐकतो, असं सांगू?" काका म्हणाले, आणि खाली बघत राहिले. काकूंनी त्यांचा हात धरला. इतक्या दिवसांत मला प्रथमच वाटलं, चला, आता होईल सगळं ठीक.

रेडिओवाल्यानं त्याचं सूर देणारं यंत्र जोडलं आणि आम्हा तिघींना पुन्हा जुळवायला घेतलं. थोडं पुढे, थोडं मागे. हळूहळू एकेकीचा झोका दुसरीच्या झोक्याशी जुळला. शेवटी त्यानं लाखेचे नवे थेंब सोडले. दांडगं स्टेशन आपल्या जागी गेलं. त्याच्या शेजारची जागा मोकळी झाली. काकू पुढे झाल्या, "इथंच, इथंच लागायची ती." वेळही तिचीच होती. सगळे कान देऊन उभे राहिले. मी कधी नव्हे एवढी नीट लागले होते. आणि त्या जागी फक्त सळसळ होती.

"ढगवालीचं स्टेशन होय?" रेडिओवाला म्हणाला. "ते बंद झालं की काकू. महिना होत आला. परवडेना म्हणे. शेवटच्या दिवशी सगळे निरोपाचं बोलले. ती पोर तर असं बोलली, मला गलबलून आलं." त्याला बिचाऱ्याला काय माहीत? तो आठवून आठवून सांगत राहिला. "म्हणाली, आई, बाबा, तुम्ही ऐकत असाल का ते मला ठाऊक नाही. मला परदेशी नोकरी मिळतेय, पण मला जायचं नाही, मला घरी यायचंय. आज अंधार पडेपर्यंत मी इथल्या फोनपाशी बसून राहते. बाबा, नुसतं ये म्हणा. फोन आला नाही तर मी समजेन, आणि पुन्हा कधी त्रास देणार नाही. मग तिनं फोनचा नंबर सांगितला, हळूहळू, दोनदा. मी तर घरी बायकोला म्हटलंसुद्धा, कोण असे आई-बाप असतील, जे फोन करणार नाहीत!"

रेडिओवाल्यानं आधी काकूंकडे पाहिलं, मग काकांकडे, आणि त्याच्या हातातली लाखेची कांडी तशीच राहिली.

"नंबर," काका म्हणाले. "नंबर काय होता?"

नंबर त्याला आठवत नव्हता. त्यानं फोनवरच्या चौकशीला विचारून स्टेशनचा मिळवला, फिरवला, आणि रिसीव्हर काकांच्या हातात दिला. पलीकडे घंटा वाजत होती. आमच्यापर्यंत ऐकू येत होती. वाजून वाजून बंद झाली. काकांनी पुन्हा फिरवला. पुन्हा वाजली.

"काका, तिथं कुणी नाही आता. कुलूप आहे. सगळे पांगले."

"उचलतील," काका म्हणाले. त्यांनी रिसीव्हर खाली ठेवलाच नाही. शेवटी काकूंनी तो त्यांच्या मुठीतून सोडवून घेतला.

त्यानंतर पुष्कळ शोध झाला. पत्रं गेली, माणसं गेली. ती कुठल्या देशात गेली, कुठल्या नावानं गेली, कुणालाच सांगता आलं नाही. तिनं शब्द पाळला, पुन्हा त्रास दिला नाही.

आता मी परत फळीवर आहे. काका-काकू एकमेकांशी बोलतात, अगदी सांभाळून बोलतात. त्यानं काय होणार? दुपारी काका दुकान बंद करतात, काटा उजव्या टोकाला नेतात, आणि दोघं त्या सळसळीसमोर बसतात. मी गर्दीतून ती रिकामी जागा निवडून आणते, माझ्या बहिणी ती आणखी स्वच्छ करतात. आमच्यात आता एवढाही दोष नाही. कधी कधी काकू चूल बघायला आत जातात, तेव्हा काका पुढे वाकतात, तोंड जाळीच्या कापडाजवळ आणतात आणि हळूच म्हणतात, "ये गं. ये."

मित्रांनो, ज्या कामातलं आपल्याला कळत नाही तिथला स्क्रू पिळण्याआधी कुणाला तरी विचारा. आणि ज्याच्या आवाजासाठी तुम्ही रोज कान देऊन बसता, त्याला आजच्या आज हाक मारा. मला नुसतं ऐकता येतं हो. काकांचा तो शब्द मी कुठंही पोचवू शकत नाही.